काकू, तुझा चेहरा काही येत नव्हता

काकू, हे वाचायला घेतलेल्या मंडळींना आत्ता काय वाटतंय ते मला माहीत आहे. त्यांना वाटतंय, हा पोरगा आता सुरू करणार, 'काकू, तू गेलीस आणि अंगण मुकं झालं.' मग तुळस येईल, मग पणती, मग शेवटी दोन ओळी कवितेच्या. तर मंडळी, सरळ बसा. अंगण बिलकूल मुकं झालेलं नाही. काकू गेल्यापासून आमच्या कोंबड्या तिच्या अंगणात पाहुण्यांसारख्या फिरतायत आणि 'तुमच्या मालकिणीच्या तंगड्या मोडल्या' असं त्यांना म्हणणारं कोणी उरलेलं नाही, एवढाच काय तो फरक.

आणि तू प्रेमळ होतीस असंही मी लिहिणार नाही. ते काम नाक्यावरच्या बॅनरनं करून ठेवलंय. 'प्रेमळ, मनमिळाऊ व हसतमुख.' हसतमुख! काकू, तू! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोटरसायकल कडेला घेतली आणि हसलो. मग रडू आलं. मग परत हसायला लागलो, कारण बॅनरवरची बाई पण हसत होती, आणि ती बाई कोण हेच मला कळेना.

तुझं माझं नातं काय, हे बाकीच्यांना सांगायला हवं. आमच्या आणि तुझ्या घरामध्ये एक भिंत, कमरेएवढी. त्या भिंतीवरून वाटीतून कालवणं गेली, पातेल्यातून ताक आलं, आणि शिव्या दोन्हीकडून आल्या-गेल्या. मी मन्या, नकला करतो. हळदीला करतो, गणपतीत करतो, शनिवार-रविवार कळंबच्या एका रिसॉर्टवर शेकोटीभोवती मुंबईच्या पाहुण्यांसमोर करतो. आमच्या गणिताच्या सरांचा खोकला, सोसायटीच्या चेअरमनचं 'म्हणजे त्याचं असं आहे', कर्जतच्या डेपोत नाकातून गाड्या सांगायचा तो माणूस. गावात असा कोणी नाही जो माझ्या तोंडातून निघालेला नाही. फक्त तू सोडून.

तुझा आवाज यायचा मला. 'मन्या मेल्या' असं मी भिंतीआडून ओरडलो तर आमची आई दचकायची. पण चेहरा येत नव्हता. आरशासमोर बसून किती वेळा करून बघितला. डावी भुवई मधोमध तुटलेली, तुटल्या जागी केस नाहीत, नुसती पांढरी रेघ. वरचा ओठ एका बाजूला जरासा चढलेला, त्यामुळं तू गप्प असलीस तरी आता काहीतरी बोलणार असं वाटायचं. आणि डोळे. एखाद्याकडे बघायला लागलीस की त्याचं बोलणं संपेपर्यंत पापणी हलायची नाही. मी भुवई वर करायचो, ओठ चढवायचो, डोळे ताणायचो. आरशात दाढदुखीचा पेशंट दिसायचा.

त्या भुवईचं तर विचारूच नका. मला सांगितलं होतंस, बैलानं शिंग मारलं. तुझ्या सच्याला, म्हणजे आमच्या सच्यादादाला, सांगितलंस की लहानपणी जांभळीवरून पडले. आमच्या आईला सांगितलंस, कोंडाण्याच्या लेण्यांत वाघ बघून पळाले आणि दगडावर आपटले.

"वाघ? काकू, कोंडाण्याला?" मी म्हटलं होतं.

"मग काय मांजर सांगू?"

मी तुझ्या ओट्यावर नकला करायचो तेव्हा सगळी आळी लोळायची. नाना, तुझे मालक, तर खांब धरून हसायचे. तू वाल सोलत बसलेली असायचीस. संपलं की साली झटकायचीस आणि म्हणायचीस, "झालं?"

"काकू, हसली नाहीस?"

"हसण्यासारखं काय होतं?"

"अगं चेअरमन केला मी! अख्खा केला!"

"आवाज त्याचा हाय. वाकडं तोंड तुझंच हाय."

"मग चेहरा कसा करायचा असतो?"

"मला काय ठाव? मी काय नकल्या हाय? पण आधी बघत जा रं माणसाकडं."

"बघतो की!"

"नाय बघत. पाटीतली वांगी निवडतात तसं माणसातलं काय उचलता येईल ते उचलतोस. बाकीचा माणूस तिथंच टाकून येतोस."

मी चिडायचो. म्हणायचो, रिसॉर्टवर ये एकदा, लोक शिट्ट्या मारतात. तू म्हणायचीस, "शिट्ट्या तर कुकर पण मारतो." 

मग खालापूरच्या बाजूला एका ऐतिहासिक सिरीयलचा सेट लागला. टोपीवाला एक माणूस गाडी घेऊन गावोगाव फिरत होता. त्याला म्हणे गर्दीसाठी खरे चेहरे पाहिजे होते, एकदम ओरिजिनल. तू ओट्यावर बसली होतीस. तो तुझ्यासमोर येऊन थांबला, दोन्ही हातांची चौकट केली आणि ओरडला, "हा! हा चेहरा!"

तू तोंडावरून हात फिरवलास. "ह्याचं काय करायचंय?"

नानांना विचारलंस, जाऊ का. नाना म्हणाले, जा, पण कुणाशी भांडू नको. मी पण आलो, थर्माकोलचा भाला घेऊन, मावळा म्हणून. मला वाटलं होतं तिथं कोणीतरी माझी कला ओळखेल. त्यांनी माझ्या तोंडाला काळं फासलं आणि मागच्या रांगेत उभं केलं.

आणि तुझी रंगरंगोटी आठवते का? खरा चेहरा म्हणून उचलून आणलेल्या बाईसमोर तो मेकअपवाला पोरगा डबा उघडून बसला आणि तुझ्या सुरकुत्यांच्या शेजारी ब्रशनं सुरकुत्या काढायला लागला.

"अरं बाबा, त्या हायत की आधीच."

"मावशी, त्या कॅमेऱ्यात येत नाहीत."

"मग कॅमेऱ्याचे डोळे तपासून आण."

पोरगा हसला, पण काढायचा काही थांबला नाही. मग त्यानं काळी पेन्सिल घेतली आणि भुवईकडे आला. "ही जोडून टाकतो." तेव्हा तू त्याचं मनगट धरलंस. काही रागानं नाही. "ती राहू दे," म्हणालीस. त्यानं पेन्सिल ठेवून दिली. का राहू दे, हे त्यानंही विचारलं नाही आणि मीही नाही.

शॉट असा होता की शत्रूनं गाव जाळलंय आणि बाया उभ्या राहून बघतायत. डायरेक्टर भोंग्यातून म्हणाला, "मावशी, तुमचं घर जळतंय. सगळं गेलं. द्या एक्स्प्रेशन."

"काय देऊ?"

"दुःख मावशी, दुःख!"

"प्लायवूडचं हाय ते."

सगळा सेट हसला. तिथला हेड मावळा हसला, घोडा पण हसला असेल. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला. मग त्यांनी काय केलं, गाडीभर पेंढा आणला. खरा, ताजा, पिवळाधम्मक. तो त्या प्लायवूडच्या घराला टेकवला आणि पेटवला.

मी मागच्या रांगेतून सरकत तुझ्या बाजूला आलो होतो. तुझ्याकडेच बघत होतो, कारण रात्रीच्या जेवणाला मला 'प्लायवूडचं हाय ते' करून दाखवायचं होतं. आणि काकू, त्या वेळी जे झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. तुझ्या तोंडावर काही हललं नाही. रडली नाहीस, तोंडावर हात नेला नाहीस. फक्त तो ओठ, जो कायम वर चढलेला असायचा, तो खाली आला. एवढंच. आणि त्या एवढ्याशा हलण्यानं असं वाटलं की आता ही बाई पुन्हा कधी काही बोलणारच नाही. मेकअपवाला पोरगा च्युइंगगम चावायचा थांबला. डायरेक्टर 'कट' म्हणायला विसरला. आम्ही सगळे, मावळे आणि शत्रू, एका म्हातारीच्या ओठाकडे बघत उभे.

मग तूच म्हणालीस, "एवढा पेंढा! मेल्यांनो, उन्हाळ्यात गुरांच्या तोंडात काय घालाल?"

सिरीयल लागली तेव्हा सगळी आळी तुमच्या घरी. जळणाऱ्या गावात तू नव्हतीसच. तुझा तो शॉट त्यांनी आगीतून कापून बाजूला ठेवला होता. पुढच्या भागात राजा गेल्याची बातमी आली, सनई-व्हायोलिन सुरू झालं, आणि भपकन तुझा चेहरा. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आमच्या आईनं तुझा हात धरला. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या दोघी खास भेटायला आल्या. "काकू, काय गं तुझा जीव राजावर!"

"राजा कुठला गं? पेंढा जळत होता."

त्यावरून आपलं भांडण झालं होतं बघ. मी म्हटलं, "काकू, म्हणजे टीव्हीवालं सगळं खोटं. तुझा जीव तुटला पेंढ्यासाठी, दाखवला राजासाठी."

"चेहरा खराच होता माझा. त्याला कारण खोटं लावलं त्यांनी."

"मग बायका रडल्या त्या खोट्या रडल्या?"

तू विचार केलास. वाल सोलायची थांबलीस. "नाय. त्या पण खऱ्या रडल्या."

"मग खोटं कुठं गेलं?"

"तू शोध. तुझा धंदा हाय तो. त्यांनी खऱ्या चेहऱ्याला खोटं कारण लावलं. तू खऱ्या माणसाला खोटा चेहरा लावतोस. तुमचं तुमी बघा."

ते भांडण तसंच राहिलं काकू. मी अजून शोधतोय. पण त्या दिवसापासून कुणाची नक्कल करताना मला जरा भीती वाटायला लागली. चांगली भीती. देवळात चप्पल काढताना वाटते तसली.

आणि एकदा सच्यादादानं मोबाईलवर व्हिडिओतली एक आजी दाखवली. चुलीपुढं बसलेली, भाकरी थापत 'शुभ सकाळ बाळांनो' म्हणणारी. सगळ्यांना आवडली. आई म्हणाली, किती गोड म्हातारी. तू मोबाईल हातभर लांब धरलास आणि परत परत बघितलास.

"हिच्या तोंडावर कायच झालं नाय," म्हणालीस.

"काय व्हायला पाहिजे होतं?" सच्यादादा.

"कायतरी. एवढी वर्षं चुलीपुढं बसली आणि डोळ्यात धूर गेला नाय? एवढ्या सुना, नातवंडं, आणि कुणावर खेकसली नाय?"

मग मी सांगितलं की ही बाईच नाही, कॉम्प्युटरनं बनवलेली आहे. मला वाटलं तू म्हणशील, बघ, मी ओळखलं. तू तसं काही म्हणाली नाहीस. उलट तुझा आवाज खाली आला. "बनवताना पण कुणाला तरी बघूनच बनवली असंल ना रं? अशा किती जणींची तोंडं घेतली असतील. कुणाची आय असंल, कुणाची आजी." मोबाईल सच्यादादाला परत देताना तू स्क्रीन पदरानं पुसलीस. का पुसलीस कोण जाणे. आम्ही कोणी हसलो नाही.

उन्हाळ्यात तुझं आणि आमच्या आईचं वाजलं. तू अंगणात तांदळाचे पापड घातले होतेस आणि आमच्या कोंबड्या त्यावरून पंगत उठल्यासारख्या चालत गेल्या. तू काय काय बोललीस ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई पण कमी बोलली नाही. मग दोघी गप्प झालात, सगळा पावसाळा. भिंतीवरून वाट्या बंद. मी दोन्हीकडे जायचो, दोन्हीकडे दुसरीचा आवाज काढायचो, आणि दोन्हीकडे मार खायचो. मला वाटलं गणपतीत मिटेल. मग वाटलं नवरात्रात मिटेल. भात पसवायला, लोंब्या टाकायला लागलं आणि तू गेलीस. आई तुझ्या अंगणात आली ती तुला बाहेर काढून ठेवल्यावरच. नुसती उभी राहिली.

आता बॅनरवरच्या बाईचं सांगतो. तू कधी फोटो काढून दिला नाहीस. मोबाईल वर झाला की पदर ओढायचीस, नाहीतर उठून आत जायचीस. सच्यादादाला कुणाच्या तरी हळदीतला एक घोळक्याचा फोटो सापडला. त्यात कोपऱ्यात तू, मान वळवलेली, वालाच्या दाण्याएवढी. तो घेऊन तो कर्जतला बॅनरवाल्या पोराकडे गेला. पोरगा म्हणाला, दादा, टेन्शन नको, मावशीला एकदम क्लिअर करतो. मशीननं त्या दाण्यात जेवढं दिसलं तेवढं घेतलं, आणि बाकीचं मनानं भरलं. भुवई जोडली. ओठ सरळ केला. पडलेले दात बसवले, गालावर लाली, नाकात नथ, अंगावर हिरवीगार पैठणी. वर हसू.

सच्यादादा ते बघून दुकानातच रडला म्हणे. "आई किती सुंदर दिसते." काकू, यावर मी नक्कल करणार नाही. त्याला त्याची आई तशी बघायची होती, एकदा तरी. यात हसण्यासारखं काय आहे?

पण तेराव्याला तोच फोटो मोठ्या फ्रेममध्ये खुर्चीवर ठेवला. पुढं समई. नानांच्या हातात हार दिला. नाना फोटोपुढं गेले, वाकले, परत सरळ झाले.

"ही कोण?"

"आई आहे बाबा," सच्यादादा.

"नाय."

"अहो, नीट बघा तरी."

"बघितलं. बाई चांगली हाय. पण आपली नाय. परक्या बाईला कसा हार घालू?"

बायकांत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. भटजींनी घड्याळ बघितलं. सच्यादादाचं तोंड लाल झालं. "मग कुठला लावू बाबा? दुसरा आहे का? तिनं एक तरी काढून दिला का आयुष्यात?" आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हा मला कळलं की हा नुसता फोटोचा प्रश्न नाही. आता जो चेहरा त्या भिंतीवर जाणार तोच पुढं तू होणार. सच्यादादाची पोरं मोठी होतील ती त्या हसऱ्या बाईला आजी म्हणतील. तू म्हणून कोणी होतं हे हळूहळू कुणाला आठवणारच नाही.

मी मोबाईल काढला. सिरीयलमधला तो क्षण मी कधीच थांबवून फोटो करून ठेवला होता. नानांपुढं धरला. नानांनी मोबाईल हातात घेतला आणि एकदम म्हणाले, "हां. ही ती."

माझा जीव भांड्यात पडला. पण नाना बघत राहिले, आणि मान हलवली. "तीच हाय. पण हा पेंढ्याचा चेहरा हाय रं. मी काय पेंढा हाय?" मागं कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. "माझ्याकडं बघायची तो दे."

"तो मी कुठून देऊ नाना?"

"जगाच्या नकला करतोस ना? कर."

"मन्या, नको," सच्यादादा.

"मन्या, गप बस हां!" हा आईचा आवाज, बायकांच्या मागून. ती चहाची किटली घेऊन उभी होती.

नाना मात्र खाली बसले, मांडी घालून, हार मांडीवर ठेवून. मी त्यांच्यासमोर बसलो. काकू, रिसॉर्टवर दोनशे माणसांसमोर मी एका दमात सुरू होतो. तिथं आधी दोनदा तोंड पुसलं. भुवई वर केली. ओठ चढवला.

"हे काय?" नाना म्हणाले. "दाढ दुखतेय का?"

लोक हसले. मी ओठ सोडला. म्हटलं, नाना, नाही येत मला, ती पण हेच म्हणायची. नानांनी ऐकलं नाही. ते आपले रोज तुझ्याशी बोलायचे तसं बोलायला लागले, मला मदत म्हणून असेल, नाहीतर राहवलं नाही म्हणून. "वरच्या खाचरातलं पाणी उतरलंय गं. बांध गेला असंल. मी बघायला जाणार होतो, पण ही सगळी माणसं घरात. भात पोचट राहिलं तर? दाणा भरायच्या टायमाला पाणी नको तुटायला. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी बांध बघा, मग रडा."

मी ऐकत बसलो. खरंच ऐकत होतो काकू, नक्कल डोक्यातून गेली होती. नानांच्या हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट होते, डाव्या गालाखाली काहीतरी थरथरत होतं, डोळ्यांत पाणी नव्हतं पण डोळे कुठं ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं, आणि त्या सगळ्यात बांधाची काळजी खरी होती, खोटी नव्हती, तेपण रडणंच होतं. त्यातलं काय उचलू? काहीच उचलण्यासारखं नव्हतं. सगळा माणूस समोर बसला होता. मी नुसता बघत राहिलो. ओठ कधी वर गेला मला माहीत नाही. पापणी लवली नाही एवढं कळत होतं, कारण डोळे जळायला लागले होते.

नाना बोलता बोलता थांबले.

"हां," नाना म्हणाले. अगदी हळू. "हाच."

भटजीसुद्धा घड्याळ सोडून आमच्याकडं बघत होते.

"मग बांध मी घालू का सच्याला सांगू?"

तुझा आवाज माझ्या घशात तयार होता. मी काढला नाही. तू पण लगेच उत्तर द्यायची नाहीस. नानांनी जरा वाट बघितली आणि मान डोलावली, उत्तर मिळाल्यासारखी. "बरं. सच्याला सांगतो." तिकडं भिंतीशी सच्यादादाचे खांदे हलायला लागले. मग नाना माझ्या, म्हणजे तुझ्या, कपाळाकडे बघून म्हणाले, "भुवईचं शेवटपर्यंत खरं सांगितलं नायस. मला म्हणालीस वीज चाटून गेली."

वीज! काकू, नानांना पण! एका घरात उभा जन्म, आणि त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट! तुझ्या तोंडावर लिहिलेलं एक वाक्य जगात कुणालाच वाचता आलं नाही आणि मशीननं नेमकं तेच पुसलं. मला त्या क्षणी तुझी इतकी कमाल वाटली की काय सांगू. माणूस रोज समोर असतो, त्याच्या हातचं ताक पितो आपण, आणि त्याच्या कपाळावर एवढासा एक पांढरा दरवाजा कायम बंद असतो.

नाना उठले. हार घेतला आणि फ्रेममधल्या त्या पैठणीवालीला घातला. "हिला घालतो. पोरानं जीव लावून आणलीय. आता कुणाला घालतोय ते मला ठाव हाय." सच्यादादानं येऊन त्यांचे पाय धरले.

मी पण उठलो. तुझा चेहरा अजून माझ्यावरच होता, उतरायचा कसा ते कळत नव्हतं. आणि वळलो तर समोर आई, हातात किटली. ती माझ्याकडे बघत नव्हती काकू. मला जन्म दिलेली बाई, आणि मी तिला दिसतच नव्हतो. ती खालच्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशी बोलली, "कोंबड्या बांधून ठेवते गं मी. उद्यापासून."

मी तोंड फिरवलं. मला नाही झेपलं. आणि फिरवलं तसा तुझा चेहरा गेला. नंतर आरशासमोर बसून बघितलं, परत आलेला नाही. येईल असं वाटत पण नाही. पण एकदा आला होता. जो चेहरा तू कुठल्या कॅमेऱ्याला दिला नाहीस तो थोडा वेळ माझ्यावर ठेवलास, याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही. चेअरमनच्या आवाजात मानू का? 'म्हणजे त्याचं असं आहे, काकू.'

घरी आल्यावर आईनं फैलावर घेतलं.

"लाज नाय वाटत? तेराव्याला नकला? माणसं जेवायची खोळंबलेली, समई पेटलेली, आणि हा ओठ वाकडा करून बसलाय!"

"नानांनी सांगितलं म्हणून..."

"नाना उद्या म्हणतील म्हैस हो. होशील?"

"म्हशीची येते मला."

"चूप! भटजी गावभर करतील आता. तुझं लग्न जमायचंय अजून, कोण देईल पोरगी असल्या सोंगाड्याला?" तिनं किटली धुतली. धुतलेली परत धुतली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आणि शेवटी तोंड का फिरवलंस?"

"कधी?"

"मी बोलले तेव्हा. तिच्याशी."

मी दाराशी पडलेल्या चपला सरळ करायला लागलो.

"ती भांडली माझ्याशी. पापडावरून आळी डोक्यावर घेतली, पावसाळाभर शब्द नाय. पण मी भिंतीशी आले की हातातलं काम टाकून बघायची माझ्याकडं. रोज. मीच मान खाली घालून आत यायचे. तिनं एकदा पण तोंड फिरवलं नाय." आई वळली. किटलीचं पाणी तिच्या हातातून खाली गळत होतं. "तू फिरवलंस. एवढी वर्षं तिच्या ओट्यावर बसून काय शिकलास रं? बघत नायस तू, मन्या. माणसाकडं बघतच नायस!"